काळ्या मातीतलं तीन गुंठ्यांचं घर : स्वतः उभं राहून बांधणार असाल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या पुढं तीन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतलाय, रस्ता पश्चिमेला आहे. राहणारी माणसं पाच : तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सगळं काम एका ठेकेदाराच्या हवाली न करता स्वतः उभं राहून घर बांधायचंय. एसी लागू नये, पाण्याचा टँकर आणि विजेचं बिल दोन्ही आटोक्यात राहावं, आणि जमलं तर घर मातीचं असावं. शेवटी विचारलंय की मशीनमध्ये दाबून केलेल्या मातीच्या विटा चांगल्या, की कॉब (माती-गवताचे गोळे थरावर थर रचून केलेली भिंत), की ठोकून केलेली मातीची भिंत?

नाशकात सत्तावीस वर्षं घरं बांधतोय. असा प्रश्न घेऊन येणारा प्रत्येक जण भिंतीपासून सुरुवात करतो, कारण व्हिडिओत भिंतीच दिसतात. माझ्या हिशेबात भिंत कशाची हा पाचवा-सहावा प्रश्न आहे. आधी खाली काय आहे, मग घर केवढं, मग छप्पर, मग पश्चिम बाजू, मग पाणी. एवढं ठरलं की भिंतीचं उत्तर बहुतेक आपोआप येतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा आहेत, म्हणजे वरचा थर काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर जे उभं असेल त्याला वर-खाली करते. म्हणून पहिलं काम आर्किटेक्टकडे जाणं नाही. दोन बिगारी लावा आणि प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत, तिरप्या समोरासमोर, तीन बाय तीन फुटांचे खड्डे घ्या. काळी माती किती फुटांवर संपते, पिवळट मुरूम कुठं लागतो, पहार कुठं खणखणते ते लिहून ठेवा. शेजारच्या प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागला म्हणून तुमच्याकडे लागेलच असं नाही. आपल्याकडे खाली सगळीकडे काळा पाषाण असला तरी त्याच्यावरचा थर पन्नास पावलांत बदलतो. जुना नाला बुजवलेला असेल तर तोही खड्ड्यातच कळतो, सातबाऱ्यावर नाही.

नाल्यावरून आठवलं. पूर आला की सगळं नाशिक गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, कंबरेपर्यंत पाणी की गळ्यापर्यंत. पण तुमच्या बाजूला गोदावरी नाही, वालदेवी नदी आहे. प्लॉट घेऊन झाला असला तरी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर एकदा बघून घ्या. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. रेषेच्या बाहेर असाल तरी जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट वर ठेवा, कारण रस्ता दर डांबरीकरणात चढत जातो आणि घर आहे तिथंच राहतं.

आता पाया. मुरूम तीन-साडेतीन फुटांवर लागला आणि घर तळमजल्याचंच ठेवणार असाल, तर कॉलम न उभारता भारवाहक भिंतींचं घर करता येतं. पाया काळ्या दगडाचा, त्यावर जोत्याला, लिंटलला (दारा-खिडक्यांच्या वर) आणि स्लॅबखाली असे सलग आरसीसी पट्टे, कोपऱ्यांत उभं स्टील. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे, त्यामुळे हे पट्टे 'करू की नको' या यादीत येत नाहीत. काळी माती सहा-सात फूट असेल तर मात्र हट्ट सोडा. मुरमापर्यंत कॉलमचे पाये (फुटिंग), वर जोत्याला आरसीसी बीम, आणि भिंती फक्त अडोशाला. दोन्हींची सरमिसळ, म्हणजे अर्धं घर भिंतींवर आणि अर्धं कॉलमवर, कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. त्याची फी घराच्या खर्चात दिसतही नाही, आणि घर स्वतः बांधणारा माणूस नेमकी तीच वाचवायला जातो.

माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे पुस्तकातून सांगत नाही हे कळेल. पाया व्यवस्थित मुरमात नेला होता. जोत्यात भराव टाकायच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो. ज्याला काम दिलं होतं त्यानं मुरमाच्या दोन गाड्या वाचवल्या आणि पायातून निघालेली काळी मातीच आत लोटली. वर सोलिंग, वर कोबा, वर फरशी. दिसायला सगळं झकास. तिसऱ्या पावसाळ्यात हॉलमधली फरशी मधोमध उचलली गेली. सांध्यात दोन रुपयांचं नाणं उभं राहायचं. आतल्या खोलीचं दार जमिनीला घासायला लागलं. भिंतींना काही झालं नव्हतं, पण पायाखालची जमीन श्वास घेत होती. शेवटी सामान एका खोलीत कोंबून सगळा हॉल उकरला, दोन फूट माती बाहेर काढली, मुरूम टाकला. दोन गाड्यांचे पैसे वाचले होते आणि त्याच्या कितीतरी पट गेले. तेव्हापासून भरावाच्या दिवशी मी साइट सोडत नाही. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थराला धुम्मस. आणि घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी पायाच्या कडेला मुरणार नाही.

आकाराबद्दल. तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. एवढी जागा बघितली की माणसाला चौदाशे फुटांचं घर दिसायला लागतं. तुमच्या पाच माणसांना एक हजार ते अकराशे पुरतात, जर पॅसेज, दोन-दोन गॅलऱ्या आणि वर्षातून चारदा उघडणारी पाहुण्यांची खोली काढली तर. जी खोली बांधलीच नाही तिला सिमेंट लागत नाही, पंखा लागत नाही, रंग लागत नाही. पर्यावरणपूरक म्हणून बाजारात जे जे विकलं जातं त्या सगळ्यांपेक्षा हे स्वस्त, आणि म्हणून ते तुम्हाला कुणी विकणार नाही. त्याऐवजी पूर्वेला चांगली दहा फूट खोल ओसरी घ्या. नाशकात ओसरी वर्षाचे आठ-नऊ महिने खोलीसारखी वापरता येते. सासूबाई भाजी निवडायला तिथंच बसणार, लिहून देतो.

आता आपल्या हवेचं एक वैशिष्ट्य. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण रात्री हवा उतरते, जळगाव-नागपूरसारखी तापत राहत नाही. म्हणजे घराला थंड करायचं यंत्र रोज रात्री दहानंतर फुकट चालू होतं. प्रश्न एवढाच की दिवसभराची उष्णता घरात साठली किती, आणि रात्रीची हवा आत येऊ शकते का.

उष्णता साठते ती मुख्यतः वरून. आपण जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. २० मेच्या आसपास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही, गच्ची मात्र सकाळी आठपासून भाजून निघते. मेमध्ये रात्री दहा वाजता कुठल्याही वरच्या मजल्यावरच्या घरात स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. बाहेर वारा सुटलेला असतो आणि स्लॅब तव्यासारखा. पाच इंचांचं काँक्रीट दुपारची उष्णता संध्याकाळी खाली सोडायला लागतं, नेमकं माणसं घरी येतात तेव्हा. म्हणून माझ्याकडे पैसे मोजके असतील तर ते आधी छपरावर जातात, भिंतीवर नाही.

करायचं काय? स्लॅब घालताना फिलर स्लॅब करता येतो. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथं मंगळुरी कौलांच्या जोड्या उपड्या-सुलट्या बसवतात. काँक्रीट वाचतं आणि कौलांमधल्या पोकळीमुळं उष्णता थोडी अडते. लॉरी बेकर यांनी केरळात हे भरपूर केलं. पण इथल्या सेंट्रिंगवाल्याला ते नवीन असेल तर शिकवायला तुमचे दोन दिवस जातील, आणि स्टीलची रचना इंजिनिअरनं त्याप्रमाणे काढलेली हवी. ते जमत नसेल तर साधा स्लॅब घाला, वर दोन इंच एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) बोर्ड, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन, आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. हे तुकडे टाइलच्या दुकानात मातीमोल भावानं मिळतात. एवढंही परवडत नसेल तर दर मार्चमध्ये गच्चीला चुना मारा. पांढरी गच्ची आणि काळपट गच्ची यांच्या खालच्या खोल्यांमधला फरक सांगायला थर्मामीटर लागत नाही. आमच्या धंद्यातली माणसं चुन्याला हसतात, कारण त्यात कमिशन नाही.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो. सात फुटांवर छज्जा, दोन फूट बाहेर आलेला, खाली चार फूट उंचीची खिडकी. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर. छज्जाची सावली दोन फुटांच्या किंचित खाली येते, उरलेल्या जवळजवळ दोन फुटांतून ऊन आत येऊन फरशीवर पसरतं. निफाडकडून गारठा येतो त्या दिवसांत हे ऊन हवंच. मार्चच्या २१ तारखेला तोच सूर्य ७० अंशांवर असतो आणि त्याच छज्जाची सावली साडेपाच फूट खाली उतरते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत. कुठलंही यंत्र न लावता, फक्त दोन फुटांच्या छज्जामुळं.

पश्चिमेला हे गणित चालत नाही. तिथं चार-पाच वाजताचं ऊन तिरकं येतं, दोन फुटांचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. आणि तुमचा रस्ता पश्चिमेला! सगळे तुम्हाला सांगतील की दर्शनी बाजू आहे, मोठी काच लावा. लावू नका. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कपडे धुवायची जागा, कोठीची खोली असा पट्टा टाका. ऊन त्या खोल्यांना मारेल, आणि बाथरूम वाळणं चांगलंच. प्रवेश पश्चिमेच्या कोपऱ्यातून घेऊन बाजूनं ओसरीवर आणता येतो.

इथं वास्तुशास्त्र आडवं येणार, कारण नैऋत्येला मालकाची झोपायची खोली सांगितलेली असते आणि नाशकात संध्याकाळी सगळ्यात जास्त तापणारा कोपरा तोच. मी वास्तुवाल्यांशी भांडत नाही, भांडून घर होत नाही. सासूबाईंचा आग्रह असेल तर खोली तिथंच ठेवा, पण तिची पश्चिमेची भिंत पोकळीची करा, त्या भिंतीला खिडकी अगदी लहान आणि उंचावर घ्या, आणि बाहेर दहा-बारा फुटांवर शेवगा किंवा कडुनिंब लावा. शेवगा दोन वर्षांत सावली देतो, कडुनिंब नातवंडांच्या कामाला येतो. भिंतीला चिकटून झाड लावू नका. काळ्या मातीत मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि पाया एका बाजूला बसतो.

हवा आत येण्याबद्दल एकच सांगतो. समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके हे सगळे सांगतात. खरी गोष्ट अशी की रात्री खिडकी उघडी राहील की नाही हे डास आणि चोर ठरवतात. मी एक घर केलं होतं, वाऱ्याचा अभ्यास करून, आणि सहा महिन्यांनी गेलो तर सगळ्या खिडक्या बंद आणि एसी लावलेला. जाळीचे पैसे शेवटी कमी पडले म्हणून जाळी राहिली होती. मच्छरदाणीची जाळी आणि मजबूत ग्रील हे पहिल्या अंदाजपत्रकात धरा, 'नंतर बघू' मध्ये नको.

आता भिंत. मातीचं घर तुमच्या प्लॉटवर होईल का? तुमच्या प्लॉटच्या मातीचं नाही. काळ्या मातीची वीट वाळताना तडकते, सिमेंट घातलं तरी तिची फुगायची खोड जात नाही. दाबाच्या विटांना वाळू-खड्यांचं प्रमाण जास्त आणि चिकणमाती थोडी अशी मुरमाड माती लागते, तिच्यात ५ ते ८ टक्के सिमेंट. ती माती बाहेरून गाड्या भरून आणायची, मशीन भाड्यानं आणायचं, विटा तीन-चार आठवडे झाकून भिजवायच्या. हे होतं, मी केलंय, पण ते माती जागेवर मिळते तिथं शोभतं. ज्या घराची माती ट्रकनं येते त्याला मातीचं घर म्हणून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही.

दुसरं, कच्च्या मातीच्या भिंतीला दरवर्षी हात लागतो. लिंपण, सारवण, पावसानंतरची डागडुजी. तुम्ही लिहिलंय की सासूबाई कळवणकडच्या आहेत. त्यांना एकदा विचारा. अशाच एका घरच्या आजींना मी उत्साहानं नकाशा दाखवला, आत शेणा-मातीची जमीन करू म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "साठ वर्षं सारवलं बाबा. आता तू सारवशील का?" त्या दिवसापासून मातीच्या घराचा विषय निघाला की मी आधी विचारतो, सारवणार कोण?

तुमच्यासाठी माझं मत फ्लाय-अॅशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या विटांचं आहे. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आपल्या पंचक्रोशीतच आहे, तिथल्या राखेवर चालणारे विटांचे कारखाने जवळपास आहेत, शेतातली सुपीक माती त्यासाठी उकरली जात नाही. दुसरा फायदा असा की या विटा मापात एकसारख्या येतात, त्यामुळे रॅट-ट्रॅप बांधकाम जमतं. त्यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, भिंत नऊ इंचांचीच राहते पण पोटात पोकळी सुटते. सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळं उष्णता सावकाश आत येते. भट्टीच्या लाल विटा वाकड्यातिकड्या असतील तर यात मेळ बसत नाही. गवंडी पहिल्या दिवशी नाक मुरडेल, "असली भिंत टिकत नाय साहेब" म्हणेल. त्याच्याकडून आधी कुंपणाजवळ चार फुटांची नमुना भिंत करून घ्या, तिचे पैसे वेगळे द्या. कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या कडांना पोकळी काँक्रीटनं भरायची आणि त्यात स्टील सोडायचं, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या.

लाकडाचं म्हणाल तर नवीन सागवान घेऊ नका. जुन्या नाशकातले वाडे उतरताहेत, वाईट वाटतं पण उतरताहेत. त्यातल्या तुळया, दारं, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे मिळतात. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकत नाही. फक्त चौकट आधी विकत घ्या आणि मग भिंतीत तिच्या मापाची जागा सोडा. उलटं केलंत तर सुतार तुम्हाला रडवेल. जमिनीला शहाबादी किंवा कोटा. चकाचक टाइलचा मोह सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून टाळा.

पाण्याचं गणित सोपं आहे. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरा. इगतपुरीचे आकडे ऐकून भुलू नका, ते घाटमाथ्यावर आहे. १,०५० चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढ्या पावसाचं ६८ हजार लिटर पाणी पडतं. गळती, बाष्प, पहिल्या सरींचं घाण पाणी वजा करून ५४ हजार. सगळं साठवायचा विचार केला तर टाकीच घराएवढी होईल. पिण्या-स्वयंपाकापुरतं बघा : माणशी दहा लिटर, पाच माणसं, ऑक्टोबरपासून मृगापर्यंतचे २४० दिवस, म्हणजे १२ हजार लिटर. आठ बाय नऊ, सहा फूट खोल अशी टाकी ओसरीखाली बसते. पायाच्या खोदाईबरोबरच तिचा खड्डा काढलात तर पोकलेनचा वेगळा खर्च नाही. उरलेलं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात, पण तो खड्डा मुरूम फोडून खाली गेलेला हवा. काळ्या मातीतला शोषखड्डा म्हणजे डबकं. तुमच्या समोरच पांडवलेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगरात लेणी खोदणाऱ्यांनी शेजारी पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या खोदल्या, आणि दान देणाऱ्यानं लेण्याबरोबर पोढीचाही उल्लेख शिलालेखात करून ठेवला. एकदा मुलांना घेऊन जा, वरून वाहणारं पाणी पन्हळीनं टाकीत कसं नेलंय ते बघा.

सांडपाण्यासाठी बाथरूमचा आणि संडासाचा पाइप पहिल्या दिवसापासून वेगळा टाका. फरशी बसल्यावर हे करता येत नाही. बाथरूमचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून केळींना.

विजेचं आता सरळ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा आणि शंभर चौरस फूट गच्ची. पॅनल दक्षिणेला २० अंशांच्या आसपास कलते. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली पॅनलच्या दक्षिणेला येऊ देऊ नका, एवढं नकाशातच बघा, नाहीतर हिवाळ्यात सावली पडेल. न्हाणीसाठी सौर बंब वेगळा घ्या.

राहिलं स्वतः उभं राहून बांधण्याचं. नकाशा मंजूर करून घ्यायला परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लागतोच. जोतं झाल्यावर जोत्याचा दाखला घेतल्याशिवाय वर चढू नका, शेवटी भोगवटा दाखला. वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारकाकडून. स्वतः विटा रचायच्या भानगडीत पडू नका. दोन गोष्टी मात्र पैसे देऊन मिळत नाहीत : पाणी मोजणं आणि पाणी मारणं.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरजवळ खुर्ची टाका. पन्नास किलोच्या एका गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी, त्यातही वाळू ओली असेल तर कमी. सकाळी सगळे शिस्तीत असतात. तीन वाजता माणसं थकतात, काँक्रीट पसरायला जड जातं, आणि मिक्सरवाला कुणाकडे न बघता अर्धी बादली वाढवतो. माल मग खिरीसारखा पळतो, सगळे खूश. त्या अर्ध्या बादलीनं स्लॅबची ताकद जाते आणि पुढं गळती सुरू होते. म्हणून बादलीला आतून रंगाची खूण करा आणि संध्याकाळी चहा-वडापाव तुमच्याकडून द्या, पाणी नाही. स्टीलखाली कव्हर ब्लॉक (स्टील तळापासून उचलून धरणारे ठोकळे) आहेत का हे आदल्या रात्री टॉर्च घेऊन बघा, स्लॅबला २० मिलिमीटर. खडीचा तुकडा सरकवून ठेवलेला चालणार नाही. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी करून पाणी भरा आणि दहा दिवस ते आटू देऊ नका. कॉलमला ओलं गोणपाट. राखमिश्रित पीपीसी सिमेंटला हे दहा दिवस लागतातच. हे पाणी बघायचं कामावर जायच्या आधी सकाळी आणि आल्यावर संध्याकाळी, तुमच्या दोघांपैकी एकानं.

मजुरांचंही एक कॅलेंडर आहे. पेठ-सुरगाण्याकडची माणसं जानेवारीपासून द्राक्षाच्या बागांत जातात, होळीला गावी गेली की आठवडाभर येत नाहीत. त्यात सिंहस्थाच्या कामांनी चांगले गवंडी आधीच ओढलेले आहेत. दसऱ्याला पाया धरला, डिसेंबरअखेर स्लॅब घालून झाला, तर मृगाच्या आत बाहेरचा गिलावा होतो. पैसे चौरस फुटाच्या दरानं द्या, पण टप्प्यानं, आणि गिलाव्याचे दहा टक्के पहिला पाऊस पडेपर्यंत राखून ठेवा. भिंत गळते का हे पाऊसच सांगतो, गवंडी नाही.

पुढचं सगळं त्या दोन खड्ड्यांवर अवलंबून आहे. खड्डे काढलेत की प्रत्येक फुटाची मूठभर माती वेगवेगळ्या पिशवीत भरून, वर खोली लिहून ठेवा. एका काचेच्या बरणीत ती पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली की वाळू खाली, गाळ मध्ये, चिकण वर असे थर दिसतील. मुरूम कितव्या फुटावर लागला ते कळवा, मग कॉलम की भिंती ते बोलू. आणि खड्ड्यांवर रात्री पत्रे टाका, तिकडे मोकाट गुरं फिरतात.